ब्रेक सुटल्याचा भास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एका कवीनं मोटारीच्या ब्रेकवर बोलावं, हे आपल्याला जरा विचित्र वाटेल. माझी पदवी मराठी विषयातली बी.ए., आणि वाहनांचा अनुभव म्हणाल तर तीस वर्षं एकच स्कूटर. तरी केंद्रावरून ‘या वेळी कशावर बोलाल?’ असं विचारलं तेव्हा तोंडातून हाच विषय निघाला. कारण गेल्या पावसाळ्यापासून एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. तो शब्द आहे ‘भास’.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलानं हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही, अशी. भाच्याचा उत्साह दांडगा. ‘मामू, चला, तुम्हाला चिपळूणला सोडतो,’ म्हणाला. आपा मागं बसली, मी पुढं. कराडहून पाटण, कोयनानगर असं करत आम्ही कुंभार्ली घाटात आलो. पाऊस नुकताच थांबला होता. घाट उतरताना निम्म्यावर आलो असू, तर इंजिन एकाएकी मोठ्यानं ओरडायला लागलं. भाच्याचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. गाडीचा वेग मात्र वाढत नव्हता. नुसता आवाज.

तो प्रकार निभावला. खाली पोफळीच्या अलीकडं रस्ता उखडलेला, वर ओली खडी. पुढं एस.टी. थांबत होती. भाच्यानं वेळेत ब्रेक दाबला, गाडी हळू होऊ लागली, आणि चाक खड्ड्यावरून गेलं त्या क्षणी कुणीतरी मागून ढकलावं तशी गाडी सुटली. लगेच पकडलीही. एस.टी.च्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर आम्ही उभे होतो. आपाच्या मांडीवरचा डबा माझ्या सीटवर आदळला होता. भाचा एवढंच म्हणाला, ‘मामू, ब्रेक सुटला.’

पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला. मीही गेलो. त्यांनी संगणक जोडला, आवाराला दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, ‘गाडीत काही फॉल्ट नाही. हायब्रिडचा फील असाच असतो. तुम्हाला भास झाला असेल.’ कागदावर शेरा आला, ‘दोष आढळला नाही.’

आता भास या शब्दावर आम्हा कवींचं पोट चालतं, म्हणून मी तो सहजासहजी दुसऱ्याला वापरू देत नाही. घरी येऊन मी वाचायला बसलो. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

हायब्रिडमध्ये पायाखाली पेडल एकच असतं, पण त्यामागं ब्रेक दोन. आपण पेडल हलकं दाबलं की आधी विजेची मोटर उलट काम करू लागते. ती चाकांकडून फिरवून घेते, जनित्र बनते, वीज बॅटरीत भरते, आणि त्या ओढीनं गाडी मंदावते. जोरानं दाबलं, किंवा गाडी थांबत आली, की नेहमीचे ब्रेक येतात, म्हणजे तेलाच्या दाबानं चाकाच्या डिस्कला घासणारे पॅड. किती काम मोटरनं करायचं आणि किती पॅडनं, हे संगणक ठरवतो. पायाला हे कळू नये, अशीच सगळी रचना असते. आणि चाक घसरलं की एबीएस मध्ये पडतं. मोटरची ओढ सोडून दिली जाते, काम पॅडकडं जातं. एका गड्यानं पोतं दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावं तशी ही देवाणघेवाण आहे. पोतं खांद्यांच्या मध्ये असतं तेवढा वेळ ते कुणाचंच नसतं.

घाटातल्या आवाजाचंही उत्तर मिळालं. लांब उतारावर बॅटरी भरून जाते. मग मोटरनं केलेली वीज ठेवायला जागा उरत नाही. अशा वेळी काही गाड्या पेट्रोल न जाळता इंजिनच नुसतं फिरवतात आणि ती जादा शक्ती तिथं खर्च करतात. म्हणजे इंजिन ओरडत होतं ते गाडी पळवायला नव्हे, धरून ठेवायला. काही हायब्रिडमध्ये गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असं अक्षर असतं, ते उतारावर नेमकं हेच काम मागून घेण्यासाठी. गाडी देताना भाच्याला सीटचं कव्हर, संगीत, छताची काच हे सगळं दाखवलं होतं. ‘बी’बद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

आणि सुटलेला ब्रेक? तिथं मला २०१०चा फेब्रुवारी महिना सापडला. टोयोटाची प्रियस ही तेव्हा जगातली सर्वांत नावाजलेली हायब्रिड. तिच्या नव्या मॉडेलबद्दल जपान आणि अमेरिकेतून तक्रारी येऊ लागल्या. खड्ड्यावर, बर्फावर, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला असता क्षणभर गाडी सुटल्यासारखी वाटते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याकडं अशा १२४ तक्रारी जमल्या तेव्हा त्यांनी चौकशी सुरू केली. कंपनीच्या अधिकाऱ्यांचं सुरुवातीचं म्हणणं काय होतं? की हा चालकाला जाणवणाऱ्या फरकाचा प्रश्न आहे. त्याच वेळी हेही उघड झालं, की जानेवारीपासून कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांत एबीएसचं सॉफ्टवेअर बदललेलं होतं. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाड्यांत मात्र जुनंच होतं. मला यातलं हे सर्वांत लागलं. जो फरक नुसता जाणवण्याचा आहे, तो दुरुस्त कशाला करायचा?

९ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीनं जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. दुरुस्तीला पाना लागला नाही, सॉफ्टवेअर बदललं. दोष क्षणाचा होता. पण ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरहून जास्त जाते. आमच्या आणि एस.टी.च्या मध्ये हातभर जागा उरली होती.

याच महिन्यात क्रूझ कंट्रोलचीही एक गोष्ट गाजली. अ‍ॅपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक यांनी जाहीरपणे सांगितलं, की आपली प्रियस क्रूझ कंट्रोल एका विशिष्ट रीतीनं वापरला की आपोआप वेग वाढवत जाते. ब्रेकला पाय लावला की ते थांबतं, हेही त्यांनी सांगितलं. हे आपल्याला पुन्हा पुन्हा करून दाखवता येतं, पण कंपनीपर्यंत पोहोचायचा प्रयत्न करूनही कुणी ऐकून घेत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वॉझनिअ‍ॅक यांच्यासारख्या माणसाची ही कथा, तर माझा भाचा कोण!

पण इथं मला थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती मला गैरसोयीची आहे. मार्च २०१०मध्ये सॅन दिएगोजवळ एका प्रियसचालकानं धावत्या गाडीतून पोलिसांना फोन केला, की गाडी थांबत नाही. सगळ्या देशानं ते ऐकलं. तपासनीसांनी ती गाडी तपासली, त्यांना तसं काही घडवून आणता आलं नाही. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात या आरोपाचा अभ्यास ‘नासा’च्या अभियंत्यांनी केला. फेब्रुवारी २०११मध्ये अहवाल आला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये कारण सापडलं नाही. अडकणारी पेडलं आणि पायदाणं ही कारणं ठरली, आणि कित्येकदा ब्रेक समजून चुकीच्या पेडलवर पडलेला पाय. यावरही शेवटचा शब्द झाला असं नाही. २०१३मध्ये ओक्लाहोमातल्या एका ज्यूरीनं, हायब्रिड नसलेल्या एका जुन्या कॅमरीच्या खटल्यात, सॉफ्टवेअरमधल्या दोषांबद्दलची तज्ज्ञांची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध निकाल दिला. आणि २०१४मध्ये ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल कंपनीनं अमेरिकन सरकारला १.२ अब्ज डॉलर भरले, तेही पायदाणं आणि पेडलांच्या प्रकरणात. तेव्हा पायाला जाणवलं म्हणजे खरंच, असंही म्हणता येत नाही.

पायदाण म्हटल्यावर मी खाली जाऊन भाच्याची गाडी बघितली. ऑगस्ट २००९मध्ये कॅलिफोर्नियात चार माणसं गेली, त्या लेक्ससमध्ये दुसऱ्याच मॉडेलचं पायदाण टाकलेलं होतं, आणि त्यात ॲक्सिलरेटर अडकला. ती गाडी हायब्रिड नव्हती, पण पायदाणाला त्याचं काय? भाच्याच्या गाडीत कंपनीच्या पायदाणावर आपानं हौसेनं घरची सतरंजी कापून घातली होती. ती मी काढली. आपा दोन दिवस बोलली नाही.

क्रूझ कंट्रोलबद्दल आपल्याकडं बोलायला हवं ते समृद्धी महामार्गामुळं. जून २०२५मध्ये त्याचा शेवटचा टप्पा सुरू झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. मोटारींना मर्यादा ताशी १२०ची. रस्ता सरळ, आणि माणसं वेग लावून पाय मोकळा सोडून बसतात. १२०ला गाडी एका सेकंदात तेहतीस मीटर जाते. पाय ब्रेकपासून लांब दुमडलेला असेल तर तो परत आणायला किती सेकंद, हे ज्याचं त्यानं मोजावं. पुढच्या गाडीचं अंतर राखणारा नवा क्रूझ कंट्रोल असेल तर माणूस आणखी निर्धास्त होतो. पण रस्त्यात उभं असलेलं वाहन त्याला ओळखता येईलच असं नाही, हे कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तकातच छापलेलं असतं. आणि आपल्याकडं रात्री रस्त्याच्या कडेला उभा असतो तो विनादिव्याचा ट्रक. ओल्या रस्त्यावर आणि घाटात क्रूझ लावू नये, हेही त्याच पुस्तकात असतं. ही पुस्तकं मराठीत मिळाली तर मी फुकट मुद्रितं तपासून द्यायला तयार आहे.

गाडी खरंच आवरेना तर काय, हे मी भाच्याकडून पाठ करून घेतलं. ब्रेक एकदाच आणि पूर्ण जोरानं दाबायचा, पंप मारत बसायचं नाही. एबीएसमुळं पेडल थरथरलं तरी पाय उचलायचा नाही. गिअर न्यूट्रलला टाकायचा. ते जमलं नाही तर चालूबंदचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, नुसतं टिचकीनं अशा वेळी भागत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, हे आधीच माहीत असावं.

आता सर्व्हिस सेंटरचं. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते कागद लिहूनच. ‘ब्रेक सुटतो’ एवढंच न लिहिता, वेग किती होता, रस्ता कसा होता, पेडल हलकं होतं की जोरात, कोणतं चाक खड्ड्यात गेलं, सुटल्यासारखं किती वेळ वाटलं, सगळं लिहिलं. हे काम माझं होतं. शब्द मोजून वापरायची सवय पहिल्यांदाच घरच्यांच्या उपयोगी पडली. भाचा म्हणाला, आवारात नको, माझ्याबरोबर खडीच्या रस्त्यावर चला. एक तरुण मेकॅनिक आला. तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतः ब्रेक दाबला आणि मान वर करून म्हणाला, ‘हां, आहे.’ त्या एका ‘आहे’नं भाच्याचा चेहरा बदलला. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. परत देताना कागदावर होतं, ‘सॉफ्टवेअर अपडेट केले.’ का केलं, ते लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर हसले.

तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत. दोषी गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं, आणि त्याचा एक मार्ग म्हणजे ठरावीक संख्येनं नोंदलेल्या तक्रारी. केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर त्या नोंदवता येतात. भाच्यानं नोंदवली. पोफळीच्या खड्ड्यासकट.

परवा पुन्हा चिपळूणला निघालो होतो. कोयनानगर मागं पडलं आणि घाटाच्या तोंडाशी आलो, तशी आपा मागून म्हणाली, ‘ते बी का काय आहे, ते टाक आधी.’ भाच्यानं टाकलं. इंजिन ओरडायला लागलं. आपानं डबा मांडीवरून काढून पायाशी ठेवला.