जाहीर विटंबना : कालची धिंड आणि आजचा मोबाईल

(संग्रामपूर येथे वर्षावासाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मार खाल्लेले अंग चार दिवसांत बरे होते. पण चारचौघांत इज्जत घेतली की माणूस जन्मभर खाली मान घालून वावरतो, हे जातिव्यवस्थेने फार पूर्वी ओळखले होते. तोंडाला काळे फासणे, चपलांचा हार घालणे, मुंडण करून धिंड काढणे हे सारे भर चौकात होई. शिक्षा एकाला आणि दहशत सगळ्या वस्तीला, हाच त्यामागचा हेतू. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागलेल्या सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला गेला, तो शाळेत येऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलीला भिववण्यासाठीच. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याची २०१५ ची दुरुस्ती वाचा. चपलांचा हार, मुंडण, मिशा काढणे, तोंड रंगवणे, नग्न धिंड असे एकेक प्रकार नाव घेऊन लिहावे लागले आहेत.

तरीही त्या विटंबनेला गावाच्या शिवेची मर्यादा होती. मागच्या पिढीतील कित्येकांनी गाव सोडून मुंबई-नागपूर गाठले. तेथे त्यांचा अपमान कोणाला ठाऊक नव्हता. मान वर करून जगता आले.

आज ती शीव राहिली नाही. जून २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. तिची चित्रफीत देशभर फिरली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष राहुल गांधी यांनीही निषेध म्हणून ती प्रसारित केली, तेव्हा मुलांची ओळख उघड झाल्याबद्दल राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना नोटीस पाठवली.

आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, ती चित्रफीत आमच्याही मोबाईलवर आली होती. रक्त उसळले आणि आम्ही ती पंधरा-वीस जणांना पाठवली. वाटले, निषेध केला. घरातल्या शाळकरी मुलाने विचारले, "त्या पोराच्या जागी मी असतो, तर पाठवली असती का?" आम्हांला उत्तर देता आले नाही. मारणारे दोघे-तिघे होते. पाहणाऱ्या गर्दीत आम्हीही सामील झालो होतो.

कोणी म्हणेल, चित्रफीत नसती तर गुन्हा दडपला गेला असता. खरे आहे. म्हणूनच ती जपून ठेवावी, पोलिसांना आणि वकिलाला द्यावी. गावोगाव सांगायची ती बातमी. मुलाचा चेहरा नव्हे. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणे २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही गुन्हा आहे.

आणि आपल्या स्वतःच्या व्हॉट्सॲप गटांचे काय? एखाद्या मुलीने मनाप्रमाणे लग्न केले, एखाद्याच्या घरात देवाचा फोटो दिसला, की नाव घेऊन, फोटो टाकून छी-थू सुरू होते. चूक दाखवू नये असे आम्ही म्हणत नाही. पण भिक्खूसंघातही दुसऱ्याचा दोष काढणाऱ्याने पाच गोष्टी तपासाव्यात असा दंडक आहे : वेळ योग्य आहे का? गोष्ट खरी आहे का? शब्द मृदू आहेत का? त्यातून हित होईल का? मनात मैत्री आहे का? ज्याच्याशी बोलायचे त्याच्या घरी जाऊन बोलावे. दोनशे माणसांसमोर केलेली कानउघाडणी माणसाला सुधारत नाही, समाजापासून तोडते.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भर चौकातली विटंबना सोसली, त्यांच्या हाताने दुसऱ्याची धिंड निघू नये. पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!