‘कोणीतरी’ म्हणजे कोण?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी एखाद्या कुत्र्याचा किंवा मांजराचा फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, ‘कोणीतरी मदत करा प्लीज.’ मग हात जोडलेले इमोजी येतात आणि शेवटी मला टॅग केलं जातं. आज आयोजकांनी मला बोलायला उभं केलं आहे ते त्यामुळेच. पेशाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी सांभाळून गेली बारा वर्षं डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यात लोकांनी सोडून दिलेल्या कुत्र्या-मांजरांना घरं शोधून देते. त्यात जे कळलं ते थोडक्यात सांगते.

रस्त्यावर जन्मलेला कुत्रा आणि रस्त्यावर सोडलेला कुत्रा यांत फार फरक आहे. पहिल्याला आपला इलाका माहीत असतो. कुठल्या टपरीवर बिस्किट मिळतं, कुठल्या गल्लीत शिरायचं नाही, गाडी आली की कधी उठायचं, हे तो लहानपणीच शिकतो. सरकारी नियमही त्याच्यासाठीच आहेत. २००१ मध्ये आलेले आणि २०२३ मध्ये नव्याने केलेले प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात की नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. पण पाळलेल्या कुत्र्याला परत कुठे सोडणार? त्याची जागा कुणाच्या तरी सोफ्याखाली होती. तो हॉर्नला दचकतो, बाकीची कुत्री त्याला फाडायला येतात, आणि तो ओळखीच्या दारापुढे बसून राहतो.

माणसं प्राणी का सोडतात? घरात बाळ येणार असतं, बदली होते, प्राणी म्हातारा होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर केवळ अफवेच्या भीतीने सोडले. आपल्या भागात आता आणखी एक कारण दिसतं, ते म्हणजे पुनर्विकास. आपण ज्या तीन-चार मजली इमारतींत वाढलो त्या एकेक करून रिकाम्या होत आहेत. कुटुंबं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात आणि नवा घरमालक म्हणतो, ‘कुत्रा चालणार नाही.’ जिन्याखाली राहणाऱ्या मांजरींचा विचार तर करारनाम्यात कुठेच नसतो. पत्रे लागतात, बुलडोझर येतो.

डोंबिवली पूर्वेतल्या अशाच एका इमारतीच्या गेटपाशी मला नऊ वर्षांची लॅब्रेडॉर भेटली. तिचे मागचे पाय अधू झाले होते. वॉचमनच्या हातात खाण्याचे पैसे ठेवून कुटुंब गेलं होतं. मी फोन केला तेव्हा ती बाई रडत होती. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना दुसरी सोय सुचली नव्हती, एवढंच.

कायद्याने हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देण्याला शिक्षा आहे. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड! एवढ्याने कोण थांबणार?

तिला घर मिळायला चार महिने लागले. एकाला ती पिल्लांसाठी हवी होती. एकाला फार्महाऊसवर राखणीला बांधून ठेवायची होती. दोघांनाही मी नाही म्हणाले. या कामात प्राणी उचलणं सोपं असतं. अवघड असतं ते हे नाही म्हणणं, कारण आपल्याही घरात जागा नसते आणि समोरचा न्यायला तयार असतो. पण चुकीच्या घरात दिलेला प्राणी सहा महिन्यांत पुन्हा रस्त्यावर येतो, आणि दुसऱ्यांदा सोडलेला प्राणी माणसाजवळ यायलाच घाबरतो.

म्हणून आम्ही प्रश्न विचारतो. घर स्वतःचं की भाड्याचं? घरातले सगळे तयार आहेत का? गणपतीत गावाला जाल तेव्हा कोण बघणार? मांजर हवं असेल तर खिडक्यांना जाळी आहे का? घोडबंदर रोडच्या आणि पलावाच्या टॉवरमधून मांजर पडलं की वाचणं कठीण. नसबंदी कराल ना? मग घर बघून येतो. दिल्यावर तीन दिवसांनी, तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी फोन करतो. लोक चिडतात, ‘मुलगी देताय का?’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

इथे बसलेल्यांपैकी काहींना कुत्र्यांची भीती वाटते, काहींच्या घरी कुत्रा चावलेला आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. चावा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रस्त्यावरची कुत्री कमी व्हावीत असं त्यांना वाटतं, तसं मलाही वाटतं. घरातली कुत्री रस्त्यावर न येणं हा त्याचाच भाग आहे.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. ठाण्यात एसपीसीए आहे, डोंबिवलीत पॉजसारखी संस्था आहे, पण धडधाकट प्राण्याला आयुष्यभर ठेवायची सोय कुठेच पुरेशी नसते. आम्हाला सगळ्यात जास्त कमी पडतात ती तात्पुरती घरं. दोन आठवडे एक बाल्कनी किंवा जादाची बाथरूम मिळाली, तरी पार्व्हो-डिस्टेंपरची लक्षणं दिसतात का ते पाहता येतं, लस होते आणि चांगलं घर शोधायला वेळ मिळतो. मांजराची पिल्लं एकटी दिसली तर लगेच उचलू नका. आई बहुधा खायला शोधायला गेलेली असते, लांबून वाट बघा. गाईचं दूध पाजू नका, पोट बिघडतं. आणि तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा असेल तर एक विषय तुम्ही मांडा. कुणाकडे कोणता प्राणी आहे, तो कुठे जाणार, आवारातल्या मांजरींची नसबंदी इमारत रिकामी होण्याआधी कोण करून घेणार? कॉर्पस आणि कार्पेटच्या चर्चेत याला दहा मिनिटं पुरतात.

त्या लॅब्रेडॉरला शेवटी कल्याणच्या खडकपाड्यात एका निवृत्त जोडप्याने नेलं. तळमजल्याचं घर, जिने नाहीत. ती तिथे दोन वर्षं जगली. गेल्या पावसाळ्यात गेली तेव्हा काकूंचा फोन आला. म्हणाल्या, ‘शेवटपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच झोपायची हो, ओलांडून जावं लागायचं.’

शाळेत बाई विचारायच्या, ‘फळा कोण पुसणार?’ आणि आपण सगळे एकमेकांकडे बघायचो. आपल्या ग्रुपवर दीडशे जण आहोत. चहाच्या टेबलाजवळ मी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी दोन आठवड्यांची जागा आहे त्यांनी त्यात फक्त नाव आणि फोन नंबर लिहावा. दहा नावं आली तरी येणारं वर्ष निभावेल.