नवें पिल्लूं आणि घराची तयारी

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिरामागून चालत गेलेल्या कुत्र्याची कथा आहे. ती सांगतांना कुत्र्याच्या इमानाचा गौरव बहुधा होतो. परंतु त्या कथेंत परीक्षा होते ती कुत्र्याची नव्हे, माणसाची. आश्रयाला आलेल्या प्राण्याला टाकून युधिष्ठिर इंद्राच्या रथांत पाऊल ठेवीत नाहीं. शहरांतील कुटुंबांत नवें पिल्लूं येतें तेव्हां हीच परीक्षा लहान प्रमाणांत सुरू होते. पहिले चार दिवस कौतुकांत जातात. मग सतरंजी ओली होते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर घाण होते, वहाणा कुरतडल्या जातात. आणि कित्येकदां दीडदोन महिन्यांनीं तेंच पिल्लूं दूरच्या एखाद्या रस्त्यावर सोडून दिलें जातें. भूकतहानेनें हाल होतील अशा रीतीनें प्राण्याला सोडणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण मुळांत अशा प्रसंगीं पिल्लूं नाठाळ नसतें. घराची तयारी झालेली नसते.

प्रथम पिल्लाची बाजू समजून घ्यावी. जन्मानंतर सुमारें तीन आठवडे त्याची स्वच्छता आईच चाटून राखते. पुढें पाय स्थिर झाले कीं तें निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन देहधर्म उरकूं लागतें. म्हणजे अंथरूण स्वच्छ ठेवण्याची बुद्धि त्याला उपजतच असते. मात्र ‘घर’ ही माणसाची कल्पना त्याला ठाऊक नसते. टोपलीबाहेरची फरशी त्याच्या लेखीं अंगणच. त्याला शिकवावयाचें तें एवढेंच, कीं हें सबंध घर आपल्या अंथरुणासारखेंच आहे.

ही गोष्ट एका दिवसांत कळत नाहीं. म्हणून आरंभीं त्याला सारें घर मोकळें देऊं नये. माणसांचा वावर असलेला एखादा कोपरा फळीनें किंवा जाळीनें अडवावा. तेथें टोपली, जुनी गोधडी आणि पाण्याचें भांडें ठेवावें. तो कोपरा स्वच्छ राहूं लागला म्हणजे एक खोली, मग दुसरी, असा मुलूख वाढवीत न्यावा.

पिल्लूं येण्यापूर्वीं घरांतील एकानें जमिनीवर बसून, पिल्लाच्या उंचीवरून घर पाहावें. उभ्या माणसाला न दिसणाऱ्या अनेक वस्तु तेथून दिसतात: विजेच्या लोंबत्या तारा, कपाटाखालीं घरंगळलेली डांबराची गोळी, कोनाड्यांतील उंदराचें औषध, सुईदोरा, गच्चीच्या कठड्यांतील फट. कुंडींतील कण्हेर विषारी असते. माणसाच्या जिभेला गोड लागणारे कांहीं पदार्थही कुत्र्याला घातक आहेत. चॉकलेट, द्राक्षें, मनुका, कांदा, लसूण आणि साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या मिठाया त्याच्या तोंडीं लागूं देऊं नयेत. प्रेमानें मनुका भरविणाऱ्या आजीबाईंना हें आधींच सांगून ठेवणें श्रेयस्कर.

पिल्लूं ८ आठवड्यांहून लहान असतां आणूं नये. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयींच्या भारतांतील २०१७ च्या नियमांनींही त्याहून लहान पिल्लाची विक्री मना केली आहे. ह्याच सुमारास कोणत्या जागीं देहधर्म करावा ही त्याची आवडही पक्की होऊं लागते. तेव्हां माती किंवा गवत जें कायमचें ठरवावयाचें असेल, तें पहिल्या दिवसापासून ठरवावें. वरच्या मजल्यावर नाइलाज म्हणून वर्तमानपत्राचा कागद अंथरला, तर तो दाराच्या दिशेनें थोडा थोडा सरकवीत न्यावा.

खरें वेळापत्रक पाळावयाचें असतें तें माणसांनीं. पिल्लूं झोपेंतून उठलें कीं लागलींच, खाणें झाल्यावर पाव ते अर्ध्या तासांत, खेळ संपतांच आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्याला ठरलेल्या जागीं न्यावें. वयाचे जितके महिने, त्याहून एक तास अधिक, एवढाच वेळ त्याला दिवसा कळ काढतां येते, असा एक ढोबळ अंदाज आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाचे ते तीन तास. तीही कमाल मर्यादा समजावी. रात्रीं एकदां उठावें लागतें. तें जमीन हुंगीत गिरक्या घेऊं लागलें म्हणजे विलंब करूं नये. काम योग्य जागीं होतांच, तेथेंच, त्याच क्षणीं शाबासकी आणि खाऊचा एक कण द्यावा. घरांत परतल्यावर दिलेला खाऊ त्याला घरांत परतल्याचा वाटतो.

चूक झाल्यावर नाक घाणींत घासणें किंवा वर्तमानपत्राची सुरळी मारणें ही जुनी रीति अजून अनेक घरांत चालते. ती निरुपयोगीच नव्हे, तर उलट फळ देणारी आहे. दहा मिनिटांपूर्वींच्या कृत्याचा आणि आतांच्या माराचा संबंध पिल्लाला जोडतां येत नाहीं. माणसासमोर हें करणें धोक्याचें, एवढाच बोध तें घेतें. मग पलंगाखालीं लपून करतें, आणि बाहेर नेल्यावर धन्यादेखत करण्यास भितें. चूक चालू असतांना दिसली तर हलक्या टाळीनें थांबवून बाहेर न्यावें. नंतर दिसली तर मुकाट्यानें पुसावें. वास राहिला तर पिल्लूं पुन्हां तेथेंच येतें. फिनेलनें माणसाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला वाटत नाहीं. शिवाय तें पायांना लागून चाटण्यांत पोटांत जातें. यासाठीं मिळणारें एन्झाइमयुक्त द्रावण वापरावें.

लसीची तयारीही घराच्या तयारींतच मोडते. डिस्टेंपर व पार्व्हो ह्या जीवघेण्या रोगांवरील लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्य ठरवील त्या अंतरानें, बहुधा १६ आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस साधारणपणें तीन महिन्यांनीं. तोंवर भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर त्याला उतरवूं नये. पण कोंडूनही ठेवूं नये. अमेरिकेंतील बार हार्बर येथें स्कॉट व फुलर यांनीं वर्षानुवर्षें केलेले प्रयोग १९६५ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. त्यांवरून ३ ते १२ आठवडे हाच माणसांशीं सलगी जडण्याचा मुख्य काळ ठरतो. त्याला कडेवर घेऊन माणसें, वाहनें, पाऊस दाखवावा.

दांत येणारें पिल्लूं मुलांचीं बोटें धरतें. पिल्लाला रेबीज होत नाहीं हा समज खोटा आहे. १८८५ सालीं पाश्चरनें नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, तेव्हांपासून ह्या रोगाला अडवितां येतें. परंतु लक्षणें दिसूं लागल्यावर तो जवळजवळ नेहमींच प्राणघातक ठरतो. म्हणून दांत वा नख लागून कातडी खरचटली, तर ती जागा साबणानें, वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

नियमितपणा असला तर कांहीं आठवड्यांत घर कोरडें राहूं लागतें. पूर्ण भरंवसा येण्यास सहा महिने, कधीं अधिकही लागतात. नीट वळण लागलेलें पिल्लूं अकस्मात् बिघडलें तर रागावण्यापूर्वीं पशुवैद्याला दाखवावें. मूत्रमार्गाचा दाहही त्याचें कारण असूं शकतो. आणि पिल्लूं आणण्याच्या आदल्या दिवशीं कुटुंबानें एकत्र बसून ठरवावें: पहाटे कोण उठणार, दुपारीं घरीं कोण असणार, पावसांत छत्री घेऊन कोण जाणार, रस्त्यावरील घाण कागदानें कोण उचलणार. ह्या चार प्रश्नांना चार नांवें मिळालीं तरच पिल्लूं आणावें.