घुबडाविरुद्ध खोटी साक्ष

(हंगामाच्या सणाच्या उपासनेनंतर एका शहरी मंडळीत केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



दरवर्षी मी येते, वसतिगृहाचा जमाखर्च सांगते, मुलींचे निकाल सांगते, आणि तुम्ही मोकळ्या हाताने देता. त्याबद्दल मुलींच्या वतीने आभार. यंदाचा अहवाल छापून आणला आहे, दाराजवळच्या टेबलावर आहे, घरी नेऊन जरूर वाचा. आज मात्र मला एका पाखराबद्दल बोलायचं आहे.

या रुमालात काय आहे ते दाखवते. लहान मुलांनी पुढे यायला हरकत नाही. ही अंगठ्याएवढी काळपट गोळी मला आज सकाळी तुमच्या घंटेच्या मनोऱ्याखाली सापडली. विष्ठा नाही ही. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांची अशी गोळी होते आणि ती ते तोंडावाटे टाकून देतं. मी काडीने जरा उकलून पाहिली. आत तीन कवट्या आहेत, उंदरांच्या. दात अजून पिवळे दिसतात. तर या मंदिरात एक कुटुंब राहतं, ज्याचं नाव मंडळीच्या नोंदवहीत नाही, आणि जे रात्रपाळी करतं.

हे बहुधा गव्हाणी घुबड. पांढरट, बदामाच्या आकाराचं तोंड असलेलं. आपल्याकडे गुरांच्या गोठ्यात, धान्याच्या कोठीत, पडक्या वाड्यात राहणारं. आता थोड्याच दिवसांत आपण नाताळची तयारी सुरू करू, गव्हाणी सजवू, मेंढरं आणि उंट मांडू. ज्या पाखराच्या नावातच गव्हाण आहे ते तिथे कुणी ठेवत नाही. ठेवलं तर सासूबाई विचारतील, हे अभद्र कुठून आणलंस?

मी हसतेय, पण मला हसण्याचा अधिकार नाही. का, ते सांगते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मेळघाटच्या पायथ्याशी आपलं वसतिगृह आहे, तुमच्यातल्या काहींनी पाहिलं आहे. कोठीच्या खोलीला वर एक झरोका होता. त्यातून रात्री किंचाळल्यासारखा आवाज यायचा. त्या पावसाळ्यानंतर एक मुलगी तापाने फणफणली. प्रार्थनेला जमलेल्या बायकांपैकी एकीने म्हटलं की घुबड ओरडतंय, लक्षण बरं नाही. दुसरीने आपल्या माहेरचा दाखला दिला. मी ईशज्ञानाची पदविका घेतलेली बाई. मी म्हणायला हवं होतं की ताप आणि पाखरू यांचा काय संबंध? मी काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून झरोक्यावर पत्रा ठोकून घेतला.

सातवीतली एक कोरकू मुलगी शिडीजवळ उभी होती. ती म्हणाली, "ताई, आत पिल्लं आहेत. रात्री फुसफुसतात." मी म्हटलं, जा, अभ्यास कर.

दोन रात्री मोठं घुबड त्या पत्र्यावर येऊन बसत होतं. नखांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. मग तो थांबला. आठवड्याने वास सुटला म्हणून पत्रा काढला. चार पिल्लं होती. गव्हाणी घुबडाची मादी एकदम सगळी अंडी घालत नाही, एकेक करून घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे भावंडांत थोरलं-धाकटं स्पष्ट दिसतं. थोरल्याला पिसं फुटली होती. धाकटं नुसता कापसाचा गोळा. सीताफळाच्या झाडामागे खड्डा करून मी ती पुरली. ती मुलगी शेजारी उभी होती. एक शब्द बोलली नाही.

तापलेल्या मुलीला मलेरिया होता. गोळ्या घेतल्या, बरी झाली.

एक गोष्ट मला इथे मुद्दाम सांगायची आहे, कारण शहरातल्या मंडळींचा समज असतो की अंधश्रद्धा जंगलात राहते आणि आपण ती घालवायला जातो. त्या दिवशी कोठीपुरतं तरी ज्ञान त्या कोरकू मुलीकडे होतं. भीती आमच्या प्रार्थना बैठकीतून आली होती. आमच्या लहानपणी आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नको, ते दगड उचलून नदीवर नेऊन घासत बसतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. निदान त्या गोष्टीमुळे घुबडाला दगड तरी बसत नसे! बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या आमच्या घराला, पण घुबडाची भीती काही पाण्यात धुऊन निघाली नाही.

मग मी पवित्र शास्त्रात घुबड शोधू लागले. लेवीय ११ आणि अनुवाद १४ मध्ये ते अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. पण यादी कशाची आहे ते पाहा. खाऊ नये अशा पक्ष्यांची. मारा, हाकला, घरटं बुजवा असं तिथे काही नाही. उलट ज्याला खायचं नाही त्याला सोडूनच द्यायचं. स्तोत्र १०२ मध्ये एक दुःखात बुडालेला मनुष्य, ज्याला झोप येत नाही, तो स्वतःला ओसाड जागेतल्या घुबडाची उपमा देतो. शिवी म्हणून नाही. माझ्यासारखंच एकटं कुणीतरी जागं आहे, असं म्हणावं तसं. आणि दमडीला विकल्या जाणाऱ्या चिमण्यांबद्दल प्रभूने जे म्हटलं, त्यात त्याने घुबडाला वगळलेलं नाही.

माझा दोष कुठल्या आज्ञेखाली येतो याचा विचार केला तेव्हा नवव्या आज्ञेपाशी मी थांबले. खोटी साक्ष. तिथे शब्द शेजारी असा आहे, हे मला माहीत आहे. पण कोठीच्या वरच्या बाजूला राहणारं पाखरू शेजारी नाही तर काय?

खोटी साक्ष किती काळ नुकसान करते याचं एक उदाहरण आपल्याच सातपुड्यातलं आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. वीतभराहून थोडं मोठं, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि दिवसाढवळ्या उघड्यावर बसतं. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणालाच दिसला नाही. मात्र इंग्लंडमधल्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर चिठ्ठी होती की कर्नल माइनर्ट्‌झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवला. ती चिठ्ठी खोटी होती. दुसऱ्याने खानदेशात मिळवलेला जुना नमुना चोरून, पुन्हा शिवून, त्यावर या गृहस्थांनी आपलं नाव घातलं होतं. सालिम अलींसारखी मोठी माणसंसुद्धा या पाखराच्या शोधात निघाली आणि रिकाम्या हाताने परतली. शेवटी पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या दोन साथीदारांसह त्यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तो तोरणमाळला, यावलला, मेळघाटात, पुढे थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या जंगलातही मिळाला. जगात हे पाखरू फक्त आपल्या मध्य भारतातच आहे. आमच्या वसतिगृहातल्या मुलींच्या वडिलांना मी चित्र दाखवलं तेव्हा दोघांनी लगेच ओळखलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता जरा कठीण बोलते. याच डोंगररांगांत आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवतात. मी अशा एका बाईजवळ रात्रभर बसले आहे, पोलीस येईपर्यंत. विधवा होती, एकटी राहायची, रात्री झोप येत नसे म्हणून अंगणात फिरायची. पाड्यावर एक मूल आजारी पडलं, एवढंच कारण. २०१३ साली आपल्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो चांगलाच आहे, त्याचा आधार त्या रात्री मिळाला. पण तिच्याजवळ बसले असताना मला पत्र्यावरच्या नखांचा आवाज आठवत होता. आजारी मूल, रात्री जागं असणारं कुणीतरी, आणि ते शांतपणे जोडणारं एक बोट. माझ्या कोठीत आणि त्या पाड्यावर रीत एकच होती. बाईची आणि पाखराची किंमत सारखी आहे असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पण जी मुलगी पाखराच्या वेळी "संबंध काय?" असं विचारायला शिकते, ती उद्या पाड्यावरही विचारेल, असा माझा अनुभव होऊ लागला आहे.

म्हणून वसतिगृहात आम्ही वर्षातून एकदा घुबडांची रात्र करतो. ही कल्पना आमची नाही. तुम्हाला पुरंदर तालुक्यातलं पिंगोरी ठाऊक असेल, जेजुरीच्या बाजूला. तिथे इला फाउंडेशनने २०१८ साली घुबडांचा उत्सव भरवला. ते वाचून वाटलं, भीतीवर व्याख्यान देण्यापेक्षा सण बरा. आमच्याकडे मुली गोळ्या उकलून कवट्या मोजतात, पुठ्ठ्याचे मुखवटे करतात, आणि जेवण झाल्यावर दिवे मालवून सगळ्यांनी अर्धा तास गप्प बसायचं असतं. हा अर्धा तास सर्वांत अवघड. पहिल्या वर्षी छोट्या मुली रडल्या. यंदा एका चौथीतल्या मुलीने अंधारात हळूच सांगितलं, "ताई, पिंगळा बोलला, आता दुसरा उत्तर देईल." आणि दिलं.

झरोका आता उघडा आहे. शेजारच्या झाडावर लाकडी पेटीही टांगली. त्यात साळुंक्यांनी घर केलं आणि त्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. गव्हाणी घुबड परत आलेलं नाही. मधल्या काळात कोठीत उंदीर इतके झाले की आम्ही औषधाच्या वड्या आणल्या, तीही माझी दुसरी चूक. त्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो, आणि असा उंदीर घुबडाला सहज सापडतो. विष मग त्याच्या पोटात जातं. आता आम्ही पिंजरे लावतो आणि तूर-ज्वारी पत्र्याच्या पिंपात ठेवतो. पिंपांसाठीचे पैसे तुमच्याच गेल्या वर्षीच्या दानार्पणातून आले. हिशोबात "साठवणूक" म्हणून दिसतील.

दिवाळीच्या सुमारास घुबडं पकडून विकली जातात, पूजेच्या आणि जादूटोण्याच्या नावाखाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पकडला जातो तो बहुतेक वेळा फासा लावणारा गरीब पोरगा. पैसे मोजणारा गाडीतून येतो आणि गाडीतून जातो. आपल्या कुणाच्या ओळखीत, शेजारात, कार्यालयात असा सौदा कानावर आला तर वनखात्याला कळवा. पोरं तुरुंगात जाण्यापेक्षा मागणी थांबलेली बरी, आणि मागणी शहरातली आहे.

आता रुमालाकडे परत येते. वडीलमंडळीपैकी एका बंधूंनी मला चहाच्या वेळी सांगितलं की मनोऱ्याची दुरुस्ती निघाली आहे, कबुतरांसाठी झरोक्यांना जाळी बसवायची आहे, आणि गुत्तेदार उद्या सोमवारी येणार आहे. कबुतरांचा त्रास मला कळतो, घंटेच्या दोरीची अवस्था मी पाहिली. पण पावसाळा सरल्यानंतरचे हे महिने गव्हाणी घुबडाच्या पिल्लांचे असू शकतात. मनोऱ्याखाली एकच गोळी नव्हती, बऱ्याच होत्या, काही अगदी ताज्या.

माझी मागणी लहान आहे. जाळी ठोकण्याआधी कुणीतरी टॉर्च घेऊन वर जाऊन पाहावं. पिल्लं असली तर ती उडेपर्यंत, दोनेक महिने, तेवढा एक झरोका सोडून बाकीचं काम करून घ्यावं. नसतील तर देवाचे आभार मानून खुशाल जाळी लावा, आणि जमलं तर बाहेरच्या बाजूला एक पेटी टांगा. माप मी लिहून देते.

जेवणाला अजून अर्धा तास आहे असं भगिनीमंडळाने सांगितलं. शिडी कुठे ठेवली आहे ते कुणी दाखवलं तर मी आत्ताच वर जाते. तरुण संघातल्या कुणी खालून धरायला यावं.