लाल दिवा लागला तेव्हा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सहावीत आपली सहल टाटांच्या पॉवरहाऊसला गेली होती, आठवतंय? घाटावरच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली येतं आणि १९१५ पासून खोपोलीत त्याची वीज होते, हे सरांनी तिथंच सांगितलं. आत शिरण्याआधी त्यांनी सगळ्यांना हात मागे बांधायला लावले. "डोळ्यांनी बघायचं, हातांनी नाही!" नोकरीच्या चौथ्या वर्षी मी नेमकं हेच विसरलो.

मी कारखान्यांतले पीएलसी दुरुस्त करतो. पीएलसी म्हणजे यंत्रांना हुकूम देणारा संगणक. त्याचा प्रोसेसर सेकंदात कितीतरी वेळा एकच फेरी मारतो: सेन्सर वाचायचे, प्रोग्राम चालवायचा, मोटारींना आणि व्हॉल्व्हना हुकूम द्यायचे. फेरी ठरल्या वेळेत संपली नाही, किंवा एखादं कार्ड उत्तर देईना, तर तो स्वतःहून थांबतो आणि लाल दिवा लावतो.

जुलैची रात्र होती. आपल्याच भागातल्या एका कारखान्यात मशीन थांबलं. प्रोसेसरवर लाल दिवा. शेजारी बॅटरीचा पिवळा दिवाही होता. वरून फोनवर फोन. ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, पिवळा दिवा महिनाभर आहे. लॉगबुकात लिहिलंय." मी ऐकलं नाही. बंद करून चालू केलं, की बहुतेक वेळा सुटतं, म्हणून स्विच पाडला.

त्या जुन्या मॉडेलमध्ये प्रोग्राम बॅटरीच्या जिवावर टिकायचा. बॅटरी संपलेली. वीज जाताच प्रोग्राम पुसला गेला. कपाटातली फ्लॉपी दोन वर्षांपूर्वीची. मधले बदल काकांनी छापील कागदांवर पेन्सिलीनं टिपले होते, म्हणून तीन दिवसांत मशीन उभं राहिलं.

आणि मूळ दोष? दूरच्या रॅकला २४ व्होल्ट देणाऱ्या तारेचा स्क्रू ढिला होता. तिथली कार्डं उत्तर देईनात, म्हणून प्रोसेसर थांबला होता. तो बिचारा दोष सांगत होता आणि मी त्यालाच दोषी धरलं.

पुढची गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. अहवालात मी फक्त "बॅटरी संपली" एवढंच लिहिलं. बॅटरीची खबर दिली नाही म्हणून मेमो काकांना मिळाला. लॉगबुकात त्यांची नोंद होती, खाली माझी सही होती. आठ दिवस मी गप्प राहिलो. नवव्या दिवशी लॉगबुक घेऊन मॅनेजरकडे गेलो. मेमो रद्द झाला, मला मिळाला. मी माफी मागितली, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी वाचा, साहेब."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी कुठले दिवे लागलेत ते लिहून घ्यायचं. प्रोसेसरच्या आतली दोषांची नोंद रीसेट करण्याआधी वाचायची. प्रोग्रामची प्रत काढून ठेवायची. अशा मॉडेलची बॅटरी वीज चालू असतानाच बदलायची. मग पुरवठा मोजायचा, जोडण्या आणि कार्डं तपासायची. प्रोसेसर बदलायचा तो अगदी शेवटी. बहुतेक वेळा ती पाळी येतच नाही. आणि पाळीवरच्या माणसाला सगळ्यात आधी विचारायचं.

आज माझ्या हाताखालची मुलं पॅनेल उघडतात, तेव्हा मी त्यांना हात मागे बांधायला लावतो. ती हसतात. सर, आम्हीही तेव्हा हसलो होतो.