मधला आठवडा



२९ एप्रिल २०१९, सोमवार, सकाळचे साडेसहा. पुण्यात माझ्या बहिणीच्या घरी दिवाणखान्याच्या खिडकीवर सोलापुरी चादर दुहेरी करून टांगलेली होती. भाचीने ऑफिसला 'उशिरा येते' असं कळवून टाकलं होतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या सीझनचा तिसरा भाग अमेरिकेत रविवारी रात्री लागला, त्याच वेळी आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडत होती. विंटरफेलच्या किल्ल्यासमोर मृतांच्या सैन्याशी रात्रीची लढाई, आणि पडद्यावर धड काही दिसेना. चादरीच्या कडेने एप्रिलचं ऊन आत शिरायचं आणि टीव्हीच्या काळ्या काचेत लढाईऐवजी आम्हा तिघांचे चेहरे दिसायचे.

भाग संपला आणि चहा ठेवता ठेवता वाद सुरू झाला. भाचा म्हणाला, 'एवढा खर्च करून अंधार दाखवला.' भाची म्हणाली, 'मुद्दाम ठेवलाय. सैनिकांना जेवढं दिसत होतं, तेवढंच आपल्याला दिसायला हवं. मामा, ते घोडेस्वार आठव ना!' डोथराकी स्वार पेटत्या तलवारी घेऊन काळोखात दौडत जातात. किल्ल्यावरून पाहणाऱ्यांना नुसते ठिपके दिसतात. मग दूरवर ते ठिपके एकेक करून विझत जातात आणि आवाजही थांबतो. उजेडात हे घडलं असतं तर ती भीती वाटली असती का, हा तिचा प्रश्न होता. पुढच्या दोन-चार दिवसांत छायालेखक फेबियन वॅग्नर यांनीही अंधार हेतुपुरस्सर होता असं सांगितलं. भाच्याचं समाधान झालं नाही. 'हेतू चांगला असला म्हणून दिसत नाही ते दिसायला लागतं का?' हा वाद पुढचा सोमवार येईपर्यंत चालला, आणि तो भाग मला खऱ्या अर्थाने त्या आठवड्यातच दिसला.

आज मला या मधल्या आठवड्याविषयी बोलायचं आहे. दोन भागांमधल्या रिकाम्या दिवसांत पाहणारे एकमेकांशी जे बोलतात, भांडतात, अंदाज बांधतात, त्याला आपण सर्रास टाइमपास म्हणतो. माझं म्हणणं असं की तो मालिकेचाच भाग आहे. आपल्याला हे नवं वाटू नये. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली होती. पुढच्या अंकाची वाट पाहत वाचणं काय असतं, हे मराठी घरांना एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झालं होतं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या मालिकांत ही वाट पाहणं जास्त दाट होतं. तिथलं जगच नवं असतं, त्याचे नियम पाहणाऱ्यांना मिळून शोधावे लागतात.

'स्टार ट्रेक' अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर ती रविवारी लागायची, तेव्हा स्पॉकच्या टोकदार कानांवर आमच्या गॅलरीत दुपारपर्यंत चर्चा व्हायची. तिकडे दुसऱ्याच वर्षी ती बंद होणार अशी कुणकुण लागली. बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उघडली. त्यांचा नियम साधा होता: आपण पत्र लिहायचं, दहा जणांना लिहायला सांगायचं, त्या दहांनी आणखी दहांना. १९६७-६८ च्या त्या हिवाळ्यात एनबीसी वाहिनीकडे एक लाखाहून अधिक पत्रं गेली. १ मार्च १९६८ च्या रात्री त्या आठवड्याचा भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केलं की मालिका चालू राहील. पुढे तिला शुक्रवारी रात्री दहाची आडवेळ मिळाली आणि १९६९ मध्ये ७९ भागांवर ती थांबलीच. पण तो तिसरा सीझन झाला म्हणून पुनःप्रक्षेपणासाठी पुरेसे भाग हाती आले आणि त्या पुनःप्रक्षेपणांतून ती जगभर गेली. पत्र लिहिणाऱ्यांना मागितलं त्याहून जास्त मिळालं, फक्त उशिरा.

'डॉक्टर हू'ची गोष्ट मला याहून जवळची वाटते. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला तिचा पहिला भाग लागला. केनेडींची हत्या आदल्या दिवशीची, त्यामुळे पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. तो दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, वयाने पंचविशीच्या आतबाहेरचे. तेव्हा चित्रफीत महाग होती. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर करारांची बंधनंही होती. म्हणून बीबीसीने जुन्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतले. साठच्या दशकातले शंभरच्या आसपास भाग असे नाहीसे झाले.

आवाज मात्र उरला. त्या काळी काही घरांतली मुलं शनिवारी संध्याकाळी टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ ठेवायची, मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीला टेकवायची आणि घरात सगळ्यांना गप्प बसवायची. भाग दुसऱ्यांदा पाहायला मिळणारच नव्हता. आठवडाभर त्यावर बोलायचं तर तो पुन्हा ऐकता आला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात असणार. या घरगुती टेपांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शाबूत आहे. चित्र गेलं आणि संवाद, दार उघडल्याचा आवाज, किंकाळी, सगळं राहिलं. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात नऊ हरवलेल्या भागांची फिल्म सापडली, तेव्हा कित्येकांनी ते संवाद आधीच पाठ केलेले होते. त्यांना कळायचं होतं ते बोलणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी कसा होता. १९८९ मध्ये मालिका थांबली आणि २००५ मध्ये परत आली, ती रसेल टी. डेव्हिस या लहानपणापासूनच्या चाहत्याच्या हातून. पुढे मालिकेत डॉक्टरची भूमिका केलेल्या पीटर कपाल्डी यांचं शाळकरी वयातलं कौतुकाचं पत्र १९७४ मध्ये 'रेडिओ टाइम्स'ने छापलं होतं. आठवडाभर बोलणाऱ्या मुलांपैकीच कुणीतरी मोठं होऊन मालिका सांभाळतं, असं मी म्हणतो ते यावरून.

१ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स'चे तेराही भाग एकदम दिले. ती काही विज्ञानकथा नव्हे, पण पद्धत पडली आणि अद्भुत मालिकाही तशाच येऊ लागल्या. सोय मोठी झाली, ती मी नाकारत नाही. मात्र एकाचे तीन भाग झालेले असतात, दुसऱ्याचे आठ, तिसऱ्याचा शेवट कुणीतरी फोडलेला असतो. 'पुढचं सांगू नकोस' म्हणताना दोघंही गप्प होतात. घरातल्या दोन माणसांना एकच मालिका आवडते आणि त्यांना तिच्यावर बोलता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. 'द एक्स्पान्स' या मालिकेचा प्रवास या बाबतीत मला बोलका वाटतो. मे २०१८ मध्ये मूळ वाहिनीने ती सोडली. चाहत्यांनी पैसे जमवले आणि अ‍ॅमेझॉनच्या कचेरीवरून 'मालिका वाचवा' असा फलक ओढणारं विमान फिरवलं. दोन आठवड्यांत अ‍ॅमेझॉनने ती घेतली. चौथा सीझन एकदम आला. पाचव्याचे मात्र सुरुवातीला तीन भाग आणि नंतर दर आठवड्याला एक. आठवडा परत मिळाला.

या मालिकेवरची चर्चा तर विज्ञानाच्या तासासारखी चालते. अंतराळजहाज अर्धा रस्ता वेग वाढवत जातं, मग उलटं फिरतं आणि शेपटीकडून इंजिन चालवत वेग कमी करतं. गाडी सुटताना आपली पाठ सीटला टेकते, तसंच या जोरावर जहाजातल्या माणसांचे पाय जमिनीला टेकतात. हे मला भाच्याने फळीवरचा तांब्या उलटासुलटा करून समजावलं. मूळ कादंबऱ्या वाचलेल्यांना पुढचं सगळं ठाऊक असतं, आणि त्यातली चांगली माणसं जीभ आवरून नवख्याचे अंदाज ऐकून घेतात. ही फार मोठी सभ्यता आहे.

चर्चा बिघडतेही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा सीझन नव्याने करा अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांचं दुःख खरं होतं, मागणी मला पटत नाही. पाहणाऱ्याने लेखकाला जाब जरूर विचारावा, त्याच्या हातातली लेखणी मात्र मागू नये.

लेखक आणि पाहणारे यांच्यात हे अंतर का लागतं, याचा एक प्रसंग सांगतो. 'बॅबिलॉन ५' ही १९९०च्या दशकातली मालिका, ११० भागांची. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी त्यांतले ९२ भाग स्वतः लिहिले. ते प्रेक्षकांशी थेट बोलत, पण एक विनंती करत: तुमच्या कथाकल्पना मला सांगू नका. एकदा एका चाहत्याने बोलता बोलता कल्पना मांडली. तशीच कथा लेखकाच्या मनात आधीपासून होती. चोरीचा आरोप नको म्हणून ती बाजूला ठेवावी लागली. त्या चाहत्यानेच लेखी मोकळीक दिल्यावर ती तिसऱ्या सीझनमध्ये पडद्यावर आली.

गोष्ट ब्रदर एडवर्ड या साधूची. अंतराळस्थानकावर राहणारा, सौम्य. त्याला हळूहळू कळतं की पूर्वी आपण खुनी होतो, शिक्षा म्हणून आपली स्मृती पुसून नवं मन दिलं गेलं. मेलेल्यांचे नातलग त्याला शोधत आले आहेत. पळता येत असूनही तो पळत नाही, आणि ते त्याला मारतात. मग मारणारा पकडला जातो, त्याचीही स्मृती पुसली जाते. शेवटी एक नवा हसरा साधू येतो आणि स्थानकाच्या कॅप्टन शेरिडनपुढे हात करतो. हा तोच. शेरिडनचा हात वर येत नाही. साधूंचे प्रमुख ब्रदर थिओ त्याला क्षमेची आठवण करून देतात. काही क्षण जातात, आणि मग शेरिडन हात हातात घेतो.

हा भाग मी भाचीला गेल्या पावसाळ्यात दाखवला. तिने तिथेच रिमोट दाबून चित्र थांबवलं. हात पुढे आलेला, शेरिडनचा अजून खालीच.

'मामा, तू दिला असतास हात?'

मी म्हटलं, 'दिला असता.' ती म्हणाली, 'एडवर्ड तुझा भाऊ असता तर?' तेव्हा मला बोलता आलं नाही. आठ दिवसांनी मी तिला फोन केला आणि 'नसता दिला' असं सांगितलं. ती म्हणाली, 'मी या आठवड्यात उलट ठरवलंय. रविवारी ये, बोलू.'