मुका गजर आणि मोजलेली झोप

झोप ही मनुष्याची अगदीं खाजगी बाब आहे; पण जागें होणें ही गोष्ट मात्र आजवर बहुधा सार्वजनिकच राहिली आहे. कोंबडा आरवतो तो एका घरापुरता आरवत नाहीं. काकडआरतीची घंटा साऱ्या आळीच्या कानीं पडते. मुंबईंत परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या त्या काळीं पहिल्या पाळीचा भोंगा झाला, कीं ज्याला कामावर जावयाचें तो उठेच. पण रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला त्याचा शेजारीहि उठे. इंग्लंडांतील गिरण्यांच्या गांवीं तर लांब काठीनें खिडक्या ठोठावून कामगारांस जागें करण्याचा धंदाच कांहीं माणसें करीत असत, आणि विसावें शतक बरेंच लोटेपर्यंत तो कोठें कोठें चालू होता.

त्या मानानें गजराचें घड्याळ हें बरेंच घरगुती साधन. हव्या त्या वेळेला लावतां येईल अशा गजराचें पेटंट आंत्वान रेदिए यानें फ्रान्समध्यें १८४७ सालीं घेतलें. पुढें तें स्वस्त झालें आणि घरोघर फळीवर जाऊन बसलें. परंतु कोंबड्याचा आणि भोंग्याचा दोष त्याच्यांतहि उरलाच. ज्याला उठावयाचें आहे त्याला तें उठवितें, आणि ज्याला उठावयाचें नाहीं त्यालाहि सोडीत नाहीं.

ज्या घरांत निराळ्या खोल्या आहेत तेथें हा दोष क्षुल्लक वाटेल. पण जेथें एकाच खोलींत पांच-सहा माणसें निजतात तेथें तो क्षुल्लक नव्हे. कर्त्या मुलाची पहांटेची पाळी. त्याच्या शेजारीं तान्हें मूल. पलीकडे दम्यामुळें अर्धी रात्र बसून काढलेला म्हातारा बाप. साडेचारचा गजर एकासाठीं वाजतो आणि चौघांची झोप मोडतो. पुष्कळ घरांतून यावर एक तोड निघालेली असते. घरांतील बाई गजराच्या आधींच जागी होते आणि घंटा वाजण्यापूर्वींच ती दाबून टाकते. उठविण्याचें यंत्र घरांत असूनहि उठविण्याचें काम तिच्याकडेच राहतें, आणि तिची मोडलेली झोप मात्र कोणाच्याच हिशेबांत धरली जात नाहीं.

या अडचणीवर अलीकडे निघालेला उपाय म्हणजे मनगटावर बांधावयाचा मुका गजर. मनगटी घड्याळांत गजर बसविण्याची कल्पना तशी नवी नाहीं. स्वित्झर्लंडांतील व्हल्केन कंपनीचें ‘क्रिकेट’ हें घड्याळ १९४७ सालीं निघालें. क्रिकेट म्हणजे रातकिडा. आणि इवल्याशा घड्याळांतून रातकिड्यासारखा मोठा आवाज कसा निघेल हीच त्याच्या कर्त्यांची खटपट होती. नव्या पट्ट्यांनीं नेमकी उलट वाट धरली. फिटबिट कंपनीचा ‘फ्लेक्स’ नांवाचा पट्टा २०१३ सालीं बाजारांत आला, त्यांत मुळींच आवाज न करतां केवळ थरथरणारा गजर होता. आतां ही सोय बहुतेक स्मार्ट घड्याळांत आढळते.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. पट्ट्याच्या आंत एक चिमुकली मोटार असते आणि तिच्या आंसावर एकाच अंगास जड असें वजन बसविलेलें असतें. आंस वेगानें फिरूं लागला, कीं तोल सारखा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो आणि सगळा पट्टा थरथरतो. कांहीं घड्याळांत फिरणाऱ्या वजनाऐवजीं मागें-पुढें सरकणारें वजन असतें, पण तत्त्व तेंच. ही थरथर जाणणारीं इंद्रियें निसर्गानें आपल्या त्वचेखालीं ठेवलेलींच आहेत. फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नांवानें तीं ओळखलीं जातात. कांद्याप्रमाणें पापुद्र्यावर पापुद्रा असलेलीं हीं सूक्ष्म बोंडें सेकंदास सुमारें २०० ते ३०० कंपनें असलीं म्हणजे अत्यंत हलका स्पर्शहि टिपतात. म्हणून कानाला कळण्याजोगें कांहींहि न घडतां मनगटाला हांक ऐकूं येते. ज्यांना ऐकूंच येत नाहीं त्यांच्यासाठीं तर ही केवळ सोय नसून गरज आहे. उशीखालीं ठेवावयाचीं थरथरणारीं यंत्रें त्यांच्याकरितां निघालेलीं आहेतच. मनगटावरचा पट्टा प्रवासांतहि त्यांच्याबरोबर जातो.

या साधनाच्या मर्यादाहि ध्यानांत ठेवाव्या. पट्टा सैल असला तर थरथर हाडामांसापर्यंत नीट पोंचत नाहीं. अतिशय श्रमलेला मनुष्य तिला दाद देत नाहीं. आणि रात्रीं विद्युत्घट उतरला, तर मुका गजर खरोखरच मुका राहतो. यासाठीं पहिले आठ-पंधरा दिवस नेहमींचा गजर दहा मिनिटें पुढें लावून जवळ ठेवणें शहाणपणाचें होय. एकदां मनगटाची संवय झाली, कीं तो वाजण्याची वेळ सहसा येत नाहीं.

येथपर्यंतचें काम सरळ आहे. परंतु हीं घड्याळें येवढ्यावर थांबत नाहींत. आपण किती वेळ झोपलों, त्यांत गाढ झोप किती, स्वप्नांची किती, हें सगळें सकाळीं मांडून दाखविण्याचें कामहि तीं पत्करतात. हा दावा कितपत खरा मानावा हें पाहण्यासाठीं, झोपेचें ज्ञान मुळांत झालें कसें तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

जर्मनींतील येना येथील डॉक्टर हान्स बर्गर यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युत्तरंगांची प्रथम नोंद केली आणि १९२९ सालीं ती प्रसिद्ध केली. त्याच साधनानें १९३७ सालीं अमेरिकेंत अॅल्फ्रेड लूमिस व त्याचे सहकारी यांनीं दाखवून दिलें, कीं झोप ही एकच एक अवस्था नसून तिच्यांत निरनिराळ्या पायऱ्या आहेत. पुढें शिकागो येथें युजीन अॅसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनीं १९५३ सालीं आणखी एक नवल उजेडांत आणलें. झोपलेल्या मनुष्याचे डोळे मिटल्या पापण्यांखालीं मधून मधून वेगानें हालतात, आणि त्या वेळीं उठविलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो. हलकी झोप, गाढ झोप आणि ही स्वप्ननिद्रा असें एक आवर्तन सुमारें ९० मिनिटांत पुरें होतें, आणि रात्रभरांत अशीं चार-पांच आवर्तनें होतात.

हें सर्व ज्ञान डोक्यावर, डोळ्यांच्या कडेस आणि हनुवटीवर तारा चिकटवून मिळविलेलें आहे. मनगटावरच्या घड्याळाजवळ या तारा नाहींत. त्याच्याजवळ दोनच प्रमुख साक्षीदार आहेत. एक हालचाल मोजणारा लहानसा घटक. दुसरा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. म्हणून नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश किंचित् कमी-जास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजतां येतात. गाढ झोपेंत नाडी संथ व एकसारखी चालते. स्वप्ननिद्रेंत ती अनियमित होते, पण हातपाय मात्र शिथिल पडतात. या खुणा जुळवून घड्याळ झोपेची पायरी ओळखूं पाहतें. वर्गाच्या बाहेर उभें राहून, आंत गलबला आहे कीं शांतता आहे येवढ्यावरूनच मुलें अभ्यास करीत आहेत कीं नाहींत हें ठरवावें, तशांतला हा प्रकार आहे. अनुमान पुष्कळदां बरोबर येतें, पण तें अनुमान आहे. रात्रींच्या एकंदर झोपेचा अजमास हीं यंत्रें बरा सांगतात. पायऱ्यांच्या वांटणींत तीं अधिक चुकतात. आणि जो मनुष्य डोळे उघडे ठेवून, काळजी करीत, निपचित पडून राहिला त्याचीहि गणना तीं अनेकदां झोपलेल्यांतच करतात. म्हणजे ज्याला झोप येत नाहीं त्याच्याच बाबतींत हा साक्षीदार कच्चा ठरतो.

आतां या दोन गुणांची सांगड घालून एक तिसरें आश्वासन दिलें जातें. गाढ झोपेंतून ओढून काढलेला मनुष्य कांहीं वेळ सुन्न असतो. डोकें जड, हात ढिले, बोलणें तुटक. ही सुस्ती बहुधा अर्ध्या तासांत ओसरते; क्वचित् तासाहून अधिकहि टिकते. तेव्हां सहाचा गजर लावला असतां घड्याळानें साडेपांचापासून पाळत ठेवावी आणि झोप हलकी दिसतांच हळूच थरथरावें, अशी ही योजना आहे. कल्पना सुरेख खरी. पण तिच्यांत दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली ही, कीं गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शांतच आटोपतो. पहांटेच्या सुमारास हलकी झोप व स्वप्ननिद्रा यांचेंच राज्य असतें. जो वेळेवर निजला त्याला सहा वाजतां गाढ झोप सहसा लागलेलीच नसते. मग तिच्यांतून वांचवावयाचें तें काय? दुसरी गोष्ट अशी, कीं अर्धा तास आधीं उठविलें म्हणजे अर्धा तास झोप गेली. ज्याची झोप आधींच अपुरी, त्याला हलक्या हातानें लुटलें काय आणि धसमुसळेपणानें लुटलें काय, तोटा तेवढाच.

याहून सूक्ष्म असा एक अपाय आहे. रात्रीच्या झोपेला शंभरांपैकीं गुण देण्याची प्रथा या घड्याळांनीं पाडली आहे. गुणांची संवय वाईट असते. विद्यार्थी जसा विषय सोडून गुणांच्या मागें लागतो, तसा मनुष्य विश्रांति सोडून आंकड्याच्या मागें लागतो. सकाळीं अंग हलकें आहे, मन प्रसन्न आहे. पण घड्याळ ६२ गुण दाखवितें, आणि तेवढ्यानें त्याला थकवा वाटूं लागतो! दुसऱ्या रात्रीं अधिक गुण मिळावे म्हणून तो लवकर आडवा होतो, झोपेची वाट पाहतो, आणि वाट पाहण्यानेंच ती दूर जाते. अमेरिकेंतील केली बॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं अशा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध करून या छंदाला ‘ऑर्थोसोम्निया’ असें नांव दिलें. प्रयोगशाळेंतील तपासणीपेक्षां हातांतल्या पट्ट्यावरच या रोग्यांचा भरंवसा अधिक होता. झोप ही प्रयत्नानें मिळविण्याची वस्तु नव्हे. प्रयत्न सोडल्यानें मिळण्याची आहे. म्हणून तिच्यावर पहारा बसविणें हें पुष्कळदां तिला हांकलून लावण्यासारखेंच होतें.

तर मग या साधनाचा उपयोग करावा कसा? पहिला नियम असा, कीं एका रात्रीचा आंकडा पाहून कांहींच ठरवूं नये. दोन आठवड्यांची नोंद घ्यावी आणि तिच्यांतून दोनच प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं. आपण रोज किती वाजतां निजतों? आणि एकंदर किती तास झोपतों? अमेरिकेंतील निद्रावैद्यक व निद्रासंशोधन यांच्या संस्थांनीं २०१५ सालीं, प्रौढ मनुष्यानें नियमितपणें सात तास किंवा अधिक झोपावें, असा अभिप्राय दिला आहे. पुष्कळांना या नोंदींतून एक साधी गोष्ट प्रथमच दिसते. आपल्याला ‘झोप लागत नाहीं’ असें नसून आपण झोपेला वेळच देत नाहीं. रोग उठण्यांत नसतो, निजण्यांत असतो.

दुसरा नियम उठण्याच्या वेळेचा. ती रोज एकच असावी. सुटीच्या दिवशींहि फार मागें-पुढें नको. शरीरांत एक घड्याळ जन्मापासूनच चालू आहे. त्याची आंतली यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघांना २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सकाळच्या उजेडानें हें घड्याळ रोज मिळविलें जातें. तें एकदां नीट लागलें, कीं मनगटावरची थरथर ही केवळ खात्रीपुरती उरते.

तिसरा नियम रात्रीचा. मध्येंच जाग आली तर घड्याळाकडे पाहूं नये. किती वाजले याचा हिशेब सुरू झाला, कीं उरलेली झोप त्यांतच खर्च होते. चौथा नियम आरोग्याचा. जो मोठ्यानें घोरतो, ज्याचा श्वास झोपेंत अडखळल्याचें जवळचीं माणसें सांगतात आणि ज्याला पुरेसे तास मिळूनहि दिवसां डुलक्या येतात, त्यानें घड्याळाच्या गुणांवर विसंबूं नये, डॉक्टरांकडे जावें. अशा श्वासरोधाची शंका दर्शविणाऱ्या कांहीं घड्याळांना अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०२४ सालीं मान्यता दिली आहे. पण शंका दर्शविणें वेगळें आणि निदान करणें वेगळें. आणि घड्याळ गप्प राहिलें म्हणजे रोग नाहीं, असेंहि समजूं नये.

सारांश, या मनगटी पट्ट्याचा खरा मोठेपणा त्याच्या गणितांत नसून त्याच्या सौजन्यांत आहे. ज्याचें काम त्यालाच हांक मारावी आणि इतरांस त्रास देऊं नये, हा घरांतील शिष्टाचार यंत्राला प्रथमच साधला आहे. ज्या घरांत गजराच्या आधीं उठून दुसऱ्यांची झोप राखणारें कोणी आहे, त्या घरीं हा पट्टा कर्त्या माणसाच्या मनगटावर यावा आणि त्या राखणाऱ्याला तेवढीच अधिक झोप मिळावी, येवढें झालें तरी त्याची किंमत वसूल झाली. मात्र हेंच यंत्र रात्रीं ठरल्या वेळीं थरथरून ‘आतां नीज’ असेंहि सांगूं शकतें, आणि त्या दुसऱ्या हांकेकडे मनुष्य सहसा कानाडोळा करतो. सकाळची हांक कितीहि मृदु झाली तरी, जी झोप रात्रीं घेतलीच नाहीं ती तिला परत आणतां येत नाहीं.